पाचशेएकावी ओळ

२००९च्या आसपास कोल्हापूरजवळच्या एका सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये माझं बरंच जाणं-येणं होतं. मालकांना सगळे अण्णा म्हणत. देव्हारे, कोरीव दारं, झोपाळ्याच्या पाठी ही त्यांची कामं. हाताने कोरणारे दोन कारागीर वयोमानाने थांबले, तेव्हा अण्णांनी एका जुळणी करणाऱ्या माणसाकडून लाकूड कोरणारं सीएनसी राउटर आणलं. तीन स्टेपर मोटरी, एक जुना संगणक आणि दोघांना जोडणारी पंचवीस पिनांची जाड केबल, एवढाच त्याचा संसार. पहिल्या दिवशी सागवानाच्या फळीवर मोर कोरायला घेतला. यंत्राने पिसाऱ्याची बोटभर कड कोरली आणि ते थांबलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा त्याच जागी थांबलं.

“पाचशे ओळी झाल्या की गप बसतंय बघा हे,” अण्णा म्हणाले.

संगणकात होतं ते माख-३ हे सॉफ्टवेअर. (आमच्याकडे सगळे ‘मॅक’ म्हणतात, पण ॲपलच्या संगणकाशी घोटाळा नको म्हणून मी इथे माख लिहितो.) त्याची फुकट प्रत पाचशे ओळींपलीकडे जात नसे. ‘ओळ’ म्हणजे जी-कोडची ओळ. अमुक जागेपासून तमुक जागेपर्यंत अमुक वेगाने जा, अशी एक आज्ञा म्हणजे एक ओळ. लोखंडी पट्टीला आठ भोकं पाडायची तर तीस-चाळीस ओळी पुरतात. दारावरच्या नावाच्या पाटीला दोन-तीनशे. उठावाच्या मोराला मात्र हजारोंनी लागतात, कारण तिथे लाकडाचा पृष्ठभाग केसाकेसाच्या अंतराने खालीवर होत असतो.

दोन दिवसांनी यंत्र विकणाऱ्याचा मुलगा पेन ड्राइव्ह घेऊन आला. त्याने एक अगदी लहानशी फाइल संगणकात टाकली आणि मोर पुरा झाला. त्यानंतर प्रोग्रॅमच्या माहितीच्या चौकटीत परवानाधारक म्हणून एका परक्या गोऱ्या माणसाचं नाव दिसू लागलं. हा कोण, कुठला, काय कोरत असेल, आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. अण्णा काही दिवस त्याला ‘आपले पाहुणे’ म्हणत.

त्या चौकटीतल्या नावाने मला या विषयाकडे ओढलं. यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचं पोट कशावर चालतं? हौशी माणूस, छोटा कारागीर, आयुष्यात एकदाच असं यंत्र जोडणारा निवृत्त मास्तर, या सगळ्यांकडून त्याला पैसे मिळतात तरी कसे? या प्रश्नाची गेल्या पन्नास वर्षांतली उत्तरं तपासत गेलो, तेव्हा दिसलं की ही मुख्यतः कुलपाची गोष्ट आहे. कुलूप कशाला लावायचं, याची.

तिची सुरुवात यंत्रशाळेत होत नाही. ती अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, आल्बकर्की शहरातल्या एमआयटीएस या छोट्या कंपनीत होते. या कंपनीने १९७५च्या आरंभी ‘आल्टेअर’ नावाचा, हौशी माणसाने घरी जोडायचा संगणक बाजारात आणला. त्यासाठी बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी बेसिक ही भाषा लिहून दिली. तिची किंमत लावण्याची पद्धत मोठी बोलकी होती. आठ किलोबाइटचं बेसिक नुसतं घ्यायचं तर ५०० डॉलर. पण कंपनीची मेमरीची आणि जोडणीची कार्डं सोबत घेतली तर तेच बेसिक अवघ्या ७५ डॉलरला! हाताला लागते ती वस्तू, तिच्यासाठी माणूस पैसे मोजतो. कागदी पट्टीवरच्या भोकांसाठी मोजत नाही. हे त्या व्यापाऱ्याला पहिल्याच वर्षी कळलं होतं.

पण मेमरीची ती कार्डं भरवशाची निघाली नाहीत. हौशी मंडळी दुसऱ्यांची चांगली कार्डं घेऊ लागली, आणि ५०० डॉलर देण्यापेक्षा बेसिकची पट्टी एकमेकांना उतरवून देऊ लागली. कॅलिफोर्नियातल्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबात या पट्ट्या हातोहात फिरल्या. फेब्रुवारी १९७६मध्ये गेट्स यांनी हौशी मंडळींना उद्देशून एक खुलं पत्र लिहिलं. आल्टेअर वापरणाऱ्यांपैकी दहा टक्क्यांहून कमी लोकांनी बेसिक विकत घेतलं आहे आणि घातलेल्या वेळाचा हिशेब केला तर आपल्याला तासाला दोन डॉलरही पडत नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. पुढे जगातला सर्वांत श्रीमंत झालेल्या माणसाची ही तक्रार आज वाचताना हसू येतं. पण तो हिशेब मांडला तेव्हा तो विशीतला पोरगा होता आणि त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. मला त्या पत्रापेक्षा महत्त्वाची वाटते ती त्याआधीची चूक. सॉफ्टवेअरचा पैसा हार्डवेअरमधून वसूल करायचा असेल तर ते हार्डवेअर स्वतःच्या गुणाने घेण्याजोगं असावं लागतं.

आता यंत्रशाळेत येऊ. आकड्यांच्या आज्ञेवर चालणारं पहिलं मिलिंग यंत्र १९५२मध्ये एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेने दाखवलं. कल्पना मिशिगनमधल्या जॉन पार्सन्स यांची, पैसा अमेरिकन हवाई दलाचा, गरज हेलिकॉप्टर-विमानांच्या वाकड्यातिकड्या भागांची. त्या यंत्राचा मेंदू कपाटांच्या रांगेत मावत होता. अशी वस्तू घेणाऱ्याला सॉफ्टवेअरची वेगळी किंमत विचारायची वेळच येत नव्हती. कपाटांच्या किमतीत ती बुडून गेलेली असे.

पुढे जपानच्या फुजित्सूमध्ये सेइउएमोन इनाबा यांच्या गटाने १९५६मध्ये हे तंत्र आपलंसं केलं आणि १९७२मध्ये त्यातून फानुक ही स्वतंत्र कंपनी निघाली. चाकण-भोसरीपासून शिरोलीपर्यंत आपल्या कारखान्यांत जे पिवळं नाव दिसतं, तेच. फानुकच्या जुन्या कंट्रोलमध्ये ‘ऑप्शन’ नावाचा प्रकार असे. एखादी सोय, उदाहरणार्थ स्पिंडलच्या फेऱ्यांशी ताल जुळवून टॅपने आटे पाडण्याची, प्रोग्रॅममध्ये मुळातच असायची, पण बंद. पैसे भरले की नऊ हजार नऊशेच्या पुढच्या क्रमांकांच्या पॅरामीटरमधला एक शून्य एक व्हायचा आणि सोय जागी व्हायची. नवा भाग नाही, नवी तार नाही. हे पॅरामीटर ज्या मेमरीत असत ती बॅटरीवर जगे. बॅटरी मेली की विकत घेतलेल्या सोयीही जायच्या. म्हणून कंट्रोलच्या कपाटाच्या दाराला आतून पॅरामीटरचा छापील कागद लावलेला असे. जुनी यंत्रं घेणारे आपल्याकडचे शहाणे लोक यंत्राचे स्लाइड पाहण्याआधी तो कागद आहे का ते पाहत. ज्यांना कोणता शून्य बदलायचा ते ठाऊक होतं, अशा सर्व्हिस इंजिनिअरांचा एक अघोषित धंदाही त्यावर चाले. त्यात फार खोलात शिरत नाही.

विकत घेतलेल्या यंत्रात न विकलेली सोय झोपवून ठेवायची, ही कल्पना कित्येकांना आजही चीड आणते. घर आपण घ्यायचं आणि एका खोलीची किल्ली बिल्डरकडे! मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण हौशी यंत्रांकडे वळल्यावर त्याच कल्पनेचा वेगळा चेहरा दिसला.

हौशी यंत्रांच्या सॉफ्टवेअरचं मूळ गाव म्हणजे अमेरिकेच्या सरकारची मोजमापांची संस्था, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी. नव्वदच्या दशकात तिथल्या संशोधकांनी ‘एन्हान्स्ड मशीन कंट्रोलर’, म्हणजे ईएमसी, नावाचा नियंत्रक लिहिला. प्रत्येक कंपनीचं बंद कपाट वेगळं, त्याऐवजी साध्या संगणकावर चालणारा आणि सर्वांना उघडून पाहता येईल असा नियंत्रक शक्य आहे का, हे त्यांना तपासायचं होतं. अमेरिकन कायद्यानुसार केंद्र सरकारच्या नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुरावर त्या देशात कॉपीराइट नसतो. त्यामुळे हा सगळा प्रोग्रॅम सार्वजनिक मालकीचा झाला. जी-कोड वाचणारा त्यातला भाग कसा चालतो, याचा थॉमस क्रेमर, फ्रेडरिक प्रॉक्टर आणि एलेना मेसिना यांचा ऑगस्ट २०००मधला अहवाल मी छापून घेऊन वहीसारखा बांधला आहे. कंपनीच्या पुस्तिकांवर वाढलेल्या माझ्यासारख्याला ते वाचणं म्हणजे आयुष्यभर पानाआड झाकलेलं ताट एकदम उघडं पाहण्यासारखं होतं.

या उघड्या ताटातून दोन वाटा फुटल्या. एका वाटेवर स्वयंसेवकांनी ईएमसी लिनक्सवर वाढवला. मॅसॅच्युसेट्समधल्या ईएमसी कॉर्पोरेशन या साठवण-यंत्रांच्या कंपनीने नावावर हरकत घेतल्यामुळे २०११मध्ये त्याचं नाव लिनक्ससीएनसी झालं. तो आजही फुकट आहे, आजही वाढतो आहे. दुसऱ्या वाटेवर होते आर्ट फेनर्टी. ईएमसीच्या घराण्यातूनच त्यांनी विंडोजवर चालणारी माख ही मालिका काढली. लिनक्स बसवताना घाम फुटणाऱ्या हजारो हौशी लोकांना यंत्र पहिल्यांदा चालवता आलं ते या मालिकेमुळे.

माख-३च्या परवान्याची किंमत पुढेपुढे १७५ डॉलर होती. परवाना म्हणजे ग्राहकाच्या नावाची एक फाइल. गंमत अशी, की मालिका तिसऱ्या पायरीवर आली तरी फाइलच्या नावात माख-१च राहिलं होतं. घराला नवा रंग दिला तरी दारावरची पाटी आजोबांची राहावी, तसं. ही फाइल कोणत्याही संगणकात टाकली की प्रोग्रॅम उघडायचा. संगणकाचा क्रमांक नाही, इंटरनेटवर विचारपूस नाही. कुलूप होतं, पण किल्लीवर फक्त मालकाचं नाव कोरलेलं होतं आणि माणूस आपल्या नावाची किल्ली गावभर वाटणार नाही, एवढ्या भरवशावर सगळा कारभार उभा होता. तो भरवसा कुठवर टिकला, हे अण्णांच्या संगणकातले पाहुणे सांगतीलच.

आणि पाचशे ओळी? या आकड्यावर मी बराच विचार केला आहे. तो नुसता अडसर नव्हता, ती एक मोजपट्टी होती. भोकं पाडणारा, खाच घेणारा, गिअरचा एखादा तुकडा बनवणारा हौशी माणूस पाचशे ओळींच्या आत जन्म काढू शकत होता आणि त्याला कोणी पैसे मागत नव्हतं. ज्याचं काम पाचशेएकाव्या ओळीवर जातं तो बहुधा त्या कामाचे पैसे घेत असतो, असा त्यामागचा अंदाज. अंदाज ढोबळ होता. नातवासाठी उठावाचा गणपती कोरणारा आजोबाही त्यात सापडे आणि दिवसाला दोनशे भोकं पाडून विकणारा दुकानदार सुटे. तरी त्या काळी याहून बरी मोजपट्टी हातात नव्हती, कारण यंत्राच्या बाजूला कुलूप अडकवायला जागाच नव्हती.

हा मुद्दा जरा थांबून पाहायला हवा. स्टेपर मोटर विजेच्या ठोक्यांवर चालते. एक ठोका, एक पाऊल. माख-३ हे ठोके संगणकातूनच काढत असे, सेकंदाला पंचवीस हजार आणि त्याहूनही अधिक. ते बाहेर पडत प्रिंटरसाठी बनवलेल्या पॅरलल पोर्टमधून. एक ठोका चुकला की टूल जागेवर नाही, जॉब भंगारात. विंडोज हे मुळात असल्या नेमक्या तालाचं गाणं नव्हे. पण फेनर्टी यांनी विंडोजच्या गाभ्यात बसणारा ड्रायव्हर लिहून त्याच्याकडून ते गाऊन घेतलं. केबलच्या दुसऱ्या टोकाला फक्त मोटरींचे ड्रायव्हर. कोणाकडूनही घ्या, सगळे सारखे. ज्याला स्वतःची ओळख नाही, त्याला कुलूप कसं लावणार?

याच पोर्टवर दुसरी एक वस्तूही लटकत असे. महागड्या डिझाइन-सॉफ्टवेअरची ‘डोंगल’. नखाएवढा नाही पण काडेपेटीएवढा डबा, ज्याच्या आत प्रोग्रॅमला हवं ते उत्तर देणारं छोटं सर्किट. तो पोर्टला लावल्याशिवाय प्रोग्रॅम उघडत नसे. म्हणजे नव्वदच्या दशकातल्या वर्कशॉपमध्ये संगणकाच्या पाठीमागचं एकच भोक कुलपाचंही होतं आणि यंत्राच्या लगामाचंही. डिझाइन करताना डबा लावायचा, कोरताना तो काढून यंत्राची केबल लावायची, असा उद्योग मी स्वतः केला आहे. पिना वाकल्या की शिव्या कोणाला घालायच्या, हा प्रश्न असे.

मग पॅरलल पोर्टच गेलं. लॅपटॉपवरून आधी, टेबलावरच्या संगणकांवरून हळूहळू. त्यात विंडोज चौसष्ट बिटांचं झालं, आणि माख-३चा तो गाभ्यातला ड्रायव्हर फक्त बत्तीस बिटांवर चालत होता. वाट एकच उरली: ठोके काढण्याचं काम संगणकाबाहेर, यूएसबीने किंवा इथरनेटने जोडलेल्या वेगळ्या बोर्डावर न्यायचं. अमेरिकेतल्या वॉर्प नाइन या कंपनीचा स्मूथस्टेपर हा अशा बोर्डांपैकी पुष्कळांना ठाऊक असलेला. संगणकाने फक्त ‘पुढच्या क्षणी इथे जायचंय’ एवढं सांगायचं. नेमके ठोके बोर्ड काढणार. तांत्रिकदृष्ट्या ही सुधारणाच होती. पण तिच्याबरोबर एक गोष्ट आपोआप आली. साखळीत आता एक शहाणा तुकडा होता. त्याला स्वतःची मेमरी होती आणि कारखान्यात कोरलेला, जगात दुसऱ्या कोणाचा नसलेला सिरियल नंबर होता.

कुलपाला जागा मिळाली.

हंगेरीतल्या सीएनसीड्राइव्ह या कंपनीने आधी माख-३साठी असे बोर्ड विकले आणि मग स्वतःचं यूसीसीएनसी हे सॉफ्टवेअर काढलं. त्याची किल्ली बोर्डाच्या सिरियल नंबरावर बनते. प्रोग्रॅम सुरू होताना केबलमधून बोर्डाला नाव विचारतो. किल्लीशी जुळलं तर काम, नाही तर नुसताच दाखवायचा पडदा. किंमत माख-३च्या मानाने बरीच कमी. स्लोव्हेनियातल्या प्लॅनेटसीएनसीचा परवानाही असाच कंट्रोलरच्या नंबराला बांधलेला. उलट माखच्या पुढच्या पिढीने, माख-४ने, किल्ली संगणकाच्या ओळखीला बांधली आणि हौशी व औद्योगिक अशा दोन वेगळ्या किमतींच्या आवृत्त्या केल्या. माझं मत विचाराल तर संगणकाला बांधणं हे या सगळ्यांत गैरसोयीचं. लाकडाच्या भुशात संगणक किती दिवस जगतो, हे किल्ली बनवणाऱ्याने एकदा आमच्याकडे येऊन पाहावं. बोर्डाला बांधलेल्या किल्लीत ती भानगड नाही. संगणक बदला, हार्ड डिस्क उडू द्या, प्रोग्रॅम दहा ठिकाणी टाकून ठेवा. बोर्ड लावला की तो चालतो. यंत्र विकलं तर परवानाही यंत्राबरोबर नव्या घरी जातो, गाईबरोबर दावं जावं तसा.

पण मला सर्वांत विचारात पाडलं ते पेनसिल्व्हेनियातल्या सेंट्रॉइड कंपनीच्या एकॉर्न या बोर्डाने. ही कंपनी मुळात कारखान्यांसाठी कंट्रोल बनवणारी. हौशी आणि लहान वर्कशॉपवाल्यांसाठी तिने हा स्वस्त बोर्ड काढला आणि त्याबरोबर आपल्या सीएनसी-ट्वेल्व्ह या सॉफ्टवेअरची साधी आवृत्ती फुकट दिली. वरच्या सोयी हव्या असतील तर पैसे भरायचे, बोर्डाच्या नंबरावर बनलेली फाइल घ्यायची, आणि त्याच प्रोग्रॅममध्ये त्या सोयी जाग्या करायच्या. फानुकचा शून्याचा एक, पण उलट्या दिशेने. तिथे लाखो मोजून घेतलेल्या यंत्रात थोडं झोपवलेलं असे. इथे थोडक्या पैशात बरंच जागं मिळतं आणि उरलेलं पुढे, गरज पडली तर. आणखी एक गंमत म्हणजे या बोर्डावरचा मेंदू आहे बीगलबोन, ज्याचे नकाशे कोणालाही पाहायला खुले आहेत. खुल्या मेंदूवर बंद प्रोग्रॅम. शुद्धतावाद्यांना हे पचणार नाही. पण बाजारात निम्म्या गोष्टी अशाच सरमिसळीवर चालतात.

कोणत्या सोयींना किंमत लावायची, यातच या पद्धतीचा खरा कस असतो. टॅपने आटे पाडण्याचंच घ्या. स्पिंडल एक फेरी फिरला की टूल बरोबर एका आट्याएवढं खाली जायला हवं, थांबताना आणि उलटं फिरतानासुद्धा. स्पिंडलच्या फेऱ्या मोजणारा एन्कोडर, ते आकडे क्षणोक्षणी वाचणारा बोर्ड आणि त्यानुसार टूलचा वेग बदलणारा प्रोग्रॅम असं तिघांचं हे काम आहे, आणि ते लिहून, तपासून, टॅप मोडून, पुन्हा लिहून जमवायला महिने जातात. हौशी माणूस चार भोकांना हाताने टॅप मारतो. त्याला हे नसलं तरी चालतं. ज्याला चारशे भोकं आहेत त्याचे त्यातून दिवस वाचतात. पाचशे ओळींची मोजपट्टी ओळी मोजत होती, ही काम ओळखते. माझ्या मते तीस वर्षांत झालेली हीच मोठी सुधारणा.

कोणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? लिनक्ससीएनसी फुकट आहे, त्यात रिजिड टॅपिंगही आहे. खरं आहे. लिनक्ससीएनसीबरोबर वापरले जाणारे कॅलिफोर्नियाच्या मेसा इलेक्ट्रॉनिक्सचे बोर्ड हे तर कुलपाविना पोट भरण्याचं उत्तम उदाहरण. बोर्डाचे पैसे घ्यायचे, त्याला चालवणारा प्रोग्रॅम सर्वांसाठी उघडा ठेवायचा. लोक बोर्ड घेतात कारण तो चांगला आहे. आल्टेअरच्या मेमरी कार्डांना जे जमलं नाही, ते हेच.

पण दुसरं उदाहरणही समोर ठेवतो. २००९मध्ये, म्हणजे अण्णांचा मोर अडला त्याच सुमाराला, नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी ग्रबल हा छोटासा नियंत्रक लिहिला. तो कुठे राहतो? बत्तीस किलोबाइट मेमरीच्या आर्डुइनो बोर्डावर. पुढे सुंगयून जॉन यांनी तो हाती घेऊन असा घडवला, की एवढ्याशा चिपवर एवढं मावतंच कसं, हे अनुभवी लोकांनाही कोडं वाटावं. परवाना जीपीएल, म्हणजे कोणीही घ्यावा, बदलावा, विकावा, फक्त बदल उघडे ठेवावेत. यात कुलूप लावून उपयोग नाही. जो प्रोग्रॅम उघडून वाचता येतो त्यातलं कुलूप काढून टाकण्याचा हक्कही परवान्यानेच दिलेला असतो. लहान यंत्रं विकणाऱ्या काही कंपन्यांनी या कामाला आधार दिला, हे नोंदवायला हवं. पण तीस बाय अठरा सेंटिमीटरची जी चिनी राउटरं आज आपल्याकडच्या पोरांच्या टेबलांवर दिसतात, त्यांतही बहुधा ग्रबलच असतो, आणि त्या प्रत्येक विक्रीतला एक पैसाही मूळ लिहिणाऱ्यांकडे जाणं बंधनकारक नाही. मूळ ग्रबलची १.१एच ही आवृत्ती २०१९ची. त्यानंतरची वाढ मुख्यतः त्याच्या वारसदार प्रकल्पांत झाली. कुलूप नसलेल्या घरात गर्दी खूप होते. छप्पर कोण शाकारतं, हे पाहायला कोणी थांबत नाही.

म्हणून बोर्डाला कुलूप लावणाऱ्यांना मी खलनायक म्हणत नाही. पूर्वी म्हणत होतो. मात्र या कुलपाची एक बाजू अशी आहे की ती किमतीच्या यादीत लिहिलेली नसते, आणि ती मला अण्णांच्याच वर्कशॉपमध्ये कळली.

काही वर्षांनी अण्णांच्या मुलाने दुसरं, मोठं राउटर बसवलं. पेन ड्राइव्हवाल्या पाहुण्यांची त्याला लाज वाटे. त्याने बोर्ड रीतसर मागवला, किल्लीचे पैसे भरले. परवान्यावर वर्कशॉपचं स्वतःचं नाव आलं त्या दिवशी पेढे वाटले. दुसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशी, वळवाच्या एका संध्याकाळी वीज जवळपास कुठेतरी पडली. संगणक वाचला, मोटरी वाचल्या, बोर्ड गेला. त्या बोर्डाचं आणि कंपनीचं नाव मी इथे देत नाही. आम्ही दोघांनी मिळून जळक्या बोर्डाचा फोटो, पावती, जुनी किल्ली असं सगळं पाठवलं. उत्तर दोन दिवसांत, अत्यंत सभ्य भाषेत आलं. नवा बोर्ड घ्यावा लागेल. किल्ली बोर्डाच्या नंबराची असल्याने नवी किल्लीही घ्यावी लागेल.

“मोटर जळली तर लेथ नवा घ्यायचा का?” अण्णांनी विचारलं.

कंपनीच्या बाजूने बोलायचं तर जळका फोटो पाठवून दुसरी किल्ली मागणारे सगळेच खरे नसतात. जळालेला बोर्ड आणि ड्रॉवरमध्ये ठेवलेला चांगला बोर्ड यांचे फोटो सारखेच दिसू शकतात. पण अण्णांचा प्रश्न त्यापलीकडचा होता. त्यांनी पैसे मोजले ते कशाचे? बोर्डाचे तर वेगळे मोजले होते. प्रोग्रॅमचे म्हणावं, तर प्रोग्रॅम संगणकात शाबूत होता, पडद्यावर मोरही दिसत होता. मोजलेले पैसे होते त्या दोघांमधल्या ओळखीचे, आणि ओळख विजेने जळाली होती. पेन ड्राइव्हवरच्या नावाला हे भय नव्हतं. ती किल्ली कोणत्याच वस्तूत राहत नव्हती, म्हणून ती चोरताही आली आणि म्हणूनच ती जळालीही नाही.

आणि बोर्ड बनवणारी कंपनीच उठली तर? नव्या नंबराची किल्ली बनवणारा उरत नाही. शेवटचा बोर्ड चालेल तोवर प्रोग्रॅम चालेल. अमेरिकन सरकारच्या त्या संस्थेचे लोक आपल्या प्रयोगातून केव्हाच दुसऱ्या कामांकडे वळले, तरी त्यांनी उघडं ठेवलेलं ताट लिनक्ससीएनसीच्या रूपाने चालू आहे. बोर्डाला बांधलेल्या प्रोग्रॅमच्या नशिबी हे येण्यासाठी बनवणाऱ्याने जाण्यापूर्वी कुलूप स्वतःच्या हाताने काढून ठेवावं लागतं, आणि बुडणाऱ्या कंपनीला बहुधा तेवढी सवड नसते.

अण्णांच्या मुलाने नवा बोर्ड घेतला, नवी किल्लीही घेतली. दिवाळीच्या तोंडावर देव्हाऱ्यांच्या ऑर्डरी अंगावर होत्या. तत्त्वाचा वाद घालायला वेळ नव्हता. यंत्राच्या विजेच्या जोडणीत सर्ज अरेस्टर बसवला, अर्थिंगसाठी खड्डा नव्याने घेतला. जुनं राउटर अजून आहे. त्याचा संगणक प्लॅस्टिकच्या कागदाखाली असतो, त्यावर अजून विंडोज एक्सपी आहे, त्याला इंटरनेट कधी दाखवलेलं नाही, आणि चालू केला की पाहुण्यांचं नाव अजून येतं. छोट्या पाट्या त्याच्यावरच होतात.

मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा नव्या यंत्राचं कपाट उघडं होतं. दाराच्या आतल्या बाजूला, जोतिबाच्या फोटोखाली, मुलाने काळ्या मार्करने बोर्डाचा सिरियल नंबर आणि किल्लीची सगळी अक्षरं लिहून ठेवली आहेत. त्याखाली आधीच्या बोर्डाचा नंबर आहे, एक आडवी रेघ मारून खोडलेला.